मांडवा ते रत्नागिरी सायकलने: आधी खाड्या मोजा, मग किलोमीटर

मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरीला निघालेल्यांचे बेत बहुतेक वेळा एकाच जागी फसतात. नकाशावर मांडवा ते रत्नागिरी हे अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर दिसते. घरी शंभर-सव्वाशे किलोमीटरची सवय असते, म्हणून तीन दिवस पुरतील असे वाटते. मग दुसऱ्या दिवशी अंधार पडताना बाणकोट खाडीवरच्या बागमांडल्याच्या धक्क्यावर पोचावे, तर शेवटची बोट गेलेली असते आणि पाय सकाळीच संपलेले असतात. या रस्त्याला पाच दिवस द्या. ते कसे लावायचे, ते पुढे क्रमाने दिले आहे. क्रम बदलू नका. सायकलची तयारी आधी आणि वेळेचा हिशेब नंतर करणाऱ्यांचीच जास्त ओढाताण होते.

## टप्पा १: हिशेब

किनाऱ्यावरची गावे पुळणीला (वाळूच्या किनाऱ्याला) किंवा खाडीच्या तोंडाला लागून, म्हणजे समुद्रसपाटीवर आहेत. दोन गावांच्या मध्ये जांभ्याचा सडा, म्हणजे दगडी उघडे पठार असते, शंभर ते दोनशे मीटर उंच. त्यामुळे दर गावाहून निघताना चढ आणि पुढच्या गावात शिरताना उतार. एकेक चढ दीड ते तीन किलोमीटरचा, ६ ते १० टक्क्यांचा. वळणावर त्याहूनही तीव्र. सह्याद्रीतला घाट एकदा चढला की संपतो. इथला चढ दिवसातून सात-आठ वेळा येतो आणि दिवसाअखेर हजार ते दीड हजार मीटर चढाई सहज होते.

वाटेत चार खाड्या बोटीने ओलांडायच्या आहेत:

- राजपुरी खाडी: आगरदांडा ते दिघी
- बाणकोट खाडी (सावित्री): बागमांडला ते वेशवी
- दाभोळ खाडी (वाशिष्ठी): दाभोळ ते धोपावे
- जयगड खाडी (शास्त्री): तवसाळ ते जयगड

हिशेब असा करा. सपाटीवर तुमचा वेग ताशी २० किलोमीटर असेल, तर इथे थांबे धरून १२ ते १३ धरा. दर खाडीला एक तास वेगळा काढा. बोट पलीकडे जायला दहा-पंधरा मिनिटेच घेते, पण दोन फेऱ्यांमध्ये साधारण अर्धा ते एक तास जातो. आदल्या संध्याकाळी धक्क्यावर किंवा मुक्कामाच्या ठिकाणी शेवटच्या फेरीची वेळ विचारा आणि तिच्या दोन तास आधी धक्का गाठायचा, असे ठरवून उलटे मोजत या.

इशारा: बोट चुकली तर "रस्त्याने जाऊ" हा पर्याय कागदावरच असतो. दाभोळची बोट गेली, तर खेड-चिपळूणवरून गुहागरला जायला शंभर किलोमीटरच्या वर वळसा पडतो. तवसाळला त्यातल्या त्यात सुटका आहे: मागे फिरून भातगावच्या पुलावरून शास्त्री ओलांडता येते. पण त्यातही अर्धा दिवस जातो.

## टप्पा २: महिना आणि दिशा

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हा काळ चांगला. ऑक्टोबरात सडा तापतो आणि घाम वाळत नाही. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या ऐनवेळी बंद होतात आणि गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या साध्या लाँच तर बंदच असतात. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात अलिबाग ते काशीद हा अरुंद रस्ता गाड्यांनी भरून जातो. तो आठवडा टाळा.

शिमग्यात जाणार असाल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. पोस्त (सणाचे पैसे) मागायला पोरे रस्त्यावर दोरी किंवा बांबू आडवा धरतात. मोटारीला ते लांबून दिसते. उतारावरून सुसाट येणाऱ्या सायकलस्वाराच्या मात्र ते गळ्याशी येते. वाडी दिसली की वेग कमी करा आणि खिशात दहा-दहाच्या नोटा ठेवा.

उत्तरेकडून दक्षिणेकडे जा. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, त्याचा त्रास नाही. दुपारनंतर खारा वारा सुटतो आणि तो बहुधा वायव्येकडून येतो. दक्षिणेला जाणाऱ्याला तो पाठीशी मिळतो. रत्नागिरीहून मांडव्याला येणारे दुपारचे चढ त्याच वाऱ्याला तोंड देत चढतात.

## टप्पा ३: सायकल

गिअर. सगळ्यात मोठी चूक इथे होते. रोडबाइकला मागे २८ दात्यांचे सर्वात मोठे चाक असेल आणि पुढे ३४ दात्यांचे, तर १० टक्के चढ ताशी ८ किलोमीटरने चढताना पायडल मिनिटाला जेमतेम ५२ वेळा फिरते. पहिल्या दिवशी ते चालते. तिसऱ्या दिवशी गुडघे बोलू लागतात. मागे ३४ दाती लावले, तर त्याच वेगाला ६३ फेरे मिळतात. कॅसेट (मागच्या दातेरी चाकांचा संच) बदलताना दोन गोष्टी सोबत पाहा: मागचा डिरेलर (साखळी एका चाकावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) ३४ दाती पेलतो का, आणि साखळी पुरेशी लांब आहे का. जुनीच साखळी ठेवली आणि चढावर चुकून मोठ्या-मोठ्या चाकांची जोडी लागली, तर डिरेलर ताणून मोडतो.

टायर. २८ मिमीच्या खाली जाऊ नका. ३२ मिमी बसत असेल तर तेच लावा. स्वार ७०-७५ किलोचा असेल आणि सोबत थोडे सामान असेल, तर २८ मिमीला पुढे ६५-७०, मागे ७५-८० पीएसआय हवा. ३२ मिमीला पुढे ५०-५५ आणि मागे ६०-६५. दगडासारखी हवा भरून निघालेली सायकल खडीवर उड्या मारते आणि ओल्या वळणावर सुटते.

ब्रेक. नवे पॅड घालून निघा आणि एक जोडी बरोबर ठेवा. रिम ब्रेक असतील, तर पाच दिवसांत जांभ्याची लाल धूळ पॅड खाऊन टाकते.

व्हॉल्व्ह. गावातल्या पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर मोटारसायकलच्या व्हॉल्व्हसाठी असतो. तुमच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल, तर तो काही करू शकत नाही. पितळी अडॅप्टर वीस-तीस रुपयांना मिळतो. तो व्हॉल्व्हलाच चढवून ठेवा. पिशवीच्या तळाशी टाकला की लागेल तेव्हा सापडत नाही.

तपासा: निघायच्या आठवडाभर आधी सगळे सामान लादून एक तीव्र चढ चढा आणि उतरा. गिअर अडकणे, पिशवी चाकाला घासणे, ब्रेक किंचाळणे, जे व्हायचे ते तिथे होऊ द्या.

## टप्पा ४: सामान, पाणी, खाणे

एकूण सामान पाच ते सात किलो. दुरुस्तीला दोन ट्यूब, पॅच, टायर फाटल्यास आतून लावायला जाड रबराचा तुकडा, पंप, साखळी तोडायची सोय असलेले मल्टीटूल, साखळीचा क्विक-लिंक (तुटलेली साखळी जोडणारी कडी), डिरेलरचा हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा). हँगर सायकलच्या मॉडेलप्रमाणे वेगळा असतो आणि वाटेत कुठेच मिळणार नाही, म्हणून तो घरूनच न्यावा. पुढे-मागे दिवे दिवसाही चालू ठेवा. झाडीतल्या सावलीत सायकल दिसत नाही.

पाणी तासाला ५०० ते ७५० मिली धरा. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या आणि पिशवीत एक लिटर जास्तीचे. सड्यावर टपरी नसते, सावलीही नसते. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट पाऊण लिटरच्या बाटलीत पूर्ण ओतू नका. द्रावण दाट झाले की तहान वाढते आणि पोट बिघडते. लिटरला पाकीट हे प्रमाण पाळा. कोकम सरबत मीठ घालून मागितले, तर तेही चांगले चालते.

खाण्याची चूक वेळेची असते. सकाळी आठच्या आत बहुतेक गावांत चहा-बिस्किटांपलीकडे काही मिळत नाही. दुपारी अडीचनंतर खानावळीची चूल विझते आणि घरगुती जेवण तर आधी सांगितल्याशिवाय रांधतच नाहीत. म्हणून सकाळी निघतानाच दुपारच्या गावी फोन करून किती माणसे, शाकाहारी की मासे, ते सांगा. पहिल्या दोन तासांसाठी केळी, खजूर, शेंगदाण्याची चिक्की किंवा उकडलेली रताळी जवळ असू द्यात.

रोख पैसे सुट्ट्या नोटांत. धक्क्यावर आणि टपरीवर नेटवर्क कधी असते, कधी नसते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

इशारा, नावांचा: या वाटेवर दोन मुरुड आहेत. एक जंजिऱ्याजवळचे, रायगड जिल्ह्यातले. दुसरे दापोली तालुक्यातले, हर्णैच्या पुढचे. वेळासही दोन: एक श्रीवर्धन तालुक्यात दिवेआगरच्या अलीकडे, दुसरे मंडणगड तालुक्यात, कासवांचे. खोली घेताना तालुका विचारा. चुकीच्या मुरुडात आगाऊ पैसे भरणारे दर हंगामात निघतात.

## टप्पा ५: बोटीवरचा क्रम

हे किरकोळ वाटते, पण घसरून पडण्याचे प्रकार रस्त्यापेक्षा इथे जास्त होतात.

1. धक्क्याच्या उतारावर पोचण्याआधीच सर्वात हलका गिअर टाका. पलीकडे उतरल्या उतरल्या चढ लागतो आणि उभ्या सायकलीला गिअर बदलत नाही.
2. सायकलवरून उतरून चालत जा. ओहोटीला धक्क्याचा जो भाग उघडा पडतो, तो शेवाळलेला असतो. पायडलला अडकणाऱ्या क्लीटच्या बुटांनी तर तिथे पाय ठरतच नाही.
3. मोटारी लागल्यावर मग चढा आणि कठड्याला बंजी दोरीने सायकल बांधा. मोटारीला टेकवून ठेवू नका.
4. डेकवरच्या पाण्यात साखळी भिजू देऊ नका. ते खारे असते.
5. पलीकडे उतरताना घाई नको. बोटीतली सगळी वाहने एकदम चढाला लागतात. त्यांना जाऊ द्या, पाणी प्या, मग निघा. पुढची बोट लागेपर्यंत रस्ता जवळजवळ तुमचाच.

## टप्पा ६: पाच दिवस

अंतरे सुमारे आहेत. मुक्कामाची जागा गावातल्या गावात बदलली, तरी चार-पाच किलोमीटरचा फरक पडतो.

### दिवस १: मांडवा – अलिबाग – रेवदंडा – काशीद – मुरुड (जंजिरा), ७० किमी

भाऊच्या धक्क्याहून वाहने नेणाऱ्या रो-रो बोटीने मांडव्याला यावे. गेटवेच्या लाँचवर पायऱ्यांवरून सायकल उचलून न्यावी लागते. आज चढ थोडे, गाड्या जास्त. अलिबाग ते रेवदंडा रस्ता चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून अरुंद होतो. शाळांसमोरचे गतिरोधक रंगवलेले नसतात आणि सावलीत दिसत नाहीत. रेवदंडा-साळाव पुलावर कडेला चिकटून राहू नका. मागचा ड्रायव्हर मग जागा नसताना ओलांडायला बघतो. लेनच्या मधोमध चालवा आणि पूल संपल्यावर बाजू द्या. काशीदच्या पुढचा छोटा घाट ही उद्याची रंगीत तालीम.

आज पाय मोकळे वाटतात म्हणून वेग वाढवणे, ही पहिल्या दिवसाची नेहमीची चूक. तिची वसुली तिसऱ्या दिवशी होते.

### दिवस २: मुरुड – आगरदांडा – दिघी – दिवेआगर – श्रीवर्धन – हरिहरेश्वर, ७५ किमी

मुरुडहून निघाल्यावर राजपुरीच्या फाट्याला वळू नका. तिथे जंजिऱ्याच्या होड्या असतात. वाहने नेणारी जंगलजेटी आगरदांड्याला आहे.

दिघीहून चढून दिवेआगरला उतरा. तिथून श्रीवर्धनला जाताना शेखाडीवरून किनाऱ्याचा रस्ता धरा. बराच काळ समुद्राला लागून जाणारा असा रस्ता या पाच दिवसांत दुसरा नाही. थांबायचे तर इथे थांबा. नकाशा कधीकधी आतला बोर्लीचा रस्ता "जलद" म्हणून सुचवतो, म्हणून शेखाडी हा मधला थांबा स्वतः घाला.

तपासा: हरिहरेश्वरला पोचलात की बागमांडल्याच्या सकाळच्या पहिल्या फेरीची वेळ विचारून झोपा. धक्का तिथून पाच किलोमीटरच्या आसपास आहे.

### दिवस ३: हरिहरेश्वर – बागमांडला – वेशवी – केळशी – आंजर्ले – हर्णै – कर्दे, ६५ ते ७० किमी

सर्वात कमी लेखला जाणारा दिवस. किलोमीटर कमी, चढ सर्वात जास्त. पहिलीच बोट घ्या, कारण वेशवीला उतरताच लांब चढ आहे आणि तो उन्हात चढायचा नाही.

केळशीची खाडी मध्ये येते, म्हणून वेळासहून किनाऱ्याने थेट केळशी गाठायचा मोह टाळा. देव्हारे गावावरून मांदिवलीच्या पुलाकडे या आणि मग केळशीला उतरा. पुढे आडे ते आंजर्ले चढउतार अगदी लहान पण धारदार आहेत. इथे उभे राहून पायडल मारण्यापेक्षा बसून हलक्या गिअरवर चढा. सैल खडीवर उभे राहिलात की मागचे चाक जागीच फिरते.

हर्णै बंदराच्या आसपास वेग निम्मा करा. मासळीच्या टेंपोतून गळलेले पाणी वळणावर साचते आणि तो थर साबणासारखा असतो. कोरडा दिसला तरी घसरतो.

### दिवस ४: कर्दे – लाडघर – बुरोंडी – दाभोळ – धोपावे – गुहागर, ६० किमी

काल थकलात म्हणून आज मुद्दाम कमी. लाडघरहून बुरोंडीला चढताना सकाळी साडेसातच्या आत असा. दाभोळला उतरणारा रस्ता वळणावळणाचा आहे. रिम ब्रेक असतील, तर ब्रेक सतत घासत ठेवू नका. सरळ भागात जोरात दाबून वेग तोडा, सोडा, पुन्हा दाबा. सतत दाबलेल्या ब्रेकने रिम तापते आणि ट्यूब फुटते.

चिरेखाणीतून निघालेले चिऱ्याचे ट्रक वळणावर लाल भुकटी सांडतात. पुढचा ब्रेक वळणाच्या आधी वापरा, वळणात नको.

धोपाव्याहून वेलदूर, रानवी असे सड्यावरून गुहागर. बोट दुपारी बारा-एकच्या सुमारास मिळाली, तर हा सडा भर उन्हात येतो. तेव्हा दाभोळला सावलीत जेवा आणि तीनची बोट धरा.

### दिवस ५: गुहागर – पालशेत – वेळणेश्वर – हेदवी – तवसाळ – जयगड – गणपतीपुळे – रत्नागिरी, ८५ ते ९० किमी

सहाला दिवे लावून निघा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि आज उजेड पुरवून वापरायचा आहे. तवसाळ साडेदहापर्यंत गाठले, तर दिवस हातात. बारा वाजले, तर मुक्काम गणपतीपुळ्याला करा आणि रत्नागिरी उद्यावर टाका. ताणून पोचायच्या नादात आरे-वारेचे चढ अंधारात येतात.

जयगडला उतरल्यावर बंदराची अवजड वाहने निवळीच्या दिशेने जातात. त्या रस्त्यावर रेंगाळू नका. मालगुंड-गणपतीपुळ्याकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता लवकरात लवकर धरा. आरे-वारेला समुद्र दिसताच गाड्या वळणावरच थांबतात आणि दारे रस्त्याच्या बाजूला उघडतात. उभ्या गाडीपासून एक मीटर अंतर सोडूनच पुढे जा.

## टप्पा ७: रोज संध्याकाळची पंधरा मिनिटे

खारा वारा एका रात्रीत साखळीवर तांबूस रंग आणतो. खोलीत सामान टाकायच्या आधी हे उरका:

1. गोड्या पाण्याने सायकल धुवा. बादली आणि फडके पुरे. पाइपचा जोराचा फवारा हबवर आणि मधल्या बेअरिंगवर मारला, तर ग्रीस निघून मीठ आत जाते.
2. साखळी फडक्यात धरून कोरडी पुसा.
3. दर कडीला एक थेंब तेल. दहा मिनिटांनी वरचे तेल पुसून टाका, नाही तर सकाळी त्यावर लाल मातीचा लेप बसतो. डिस्क ब्रेक असतील, तर तेलाचा हात डिस्कला लागू देऊ नका.
4. टायरवरून अंगठा फिरवा. रुतलेला काटा किंवा काच आत्ता काढली, तर उद्याचे पंक्चर वाचते.
5. पुळणीवर सायकल चालवली असेल, तर दोन्ही चाके काढून ब्रेकच्या आतली वाळू झटका. खरे म्हणजे रोडबाइक पुळणीवर नेऊच नये.

## टप्पा ८: परतीची गाडी

रत्नागिरी स्थानक शहरापासून लांब, वरच्या अंगाला आहे. तिथे जायलाही चढ आहे, तो वेळेत धरा. गाडीच्या दोन तास आधी पोचून पार्सल कार्यालयात सायकल लगेज म्हणून, तुमच्याच तिकिटावर नोंदवा. नुसते पार्सल म्हणून नोंदवली, तर ती दुसऱ्या गाडीने येऊ शकते. पुठ्ठ्यावर नाव, पीएनआर, कुठून-कुठे हे मोठ्या अक्षरांत लिहून फ्रेमला दोन ठिकाणी बांधा. एक फाटला तर दुसरा राहतो.

हँडल वळवून फ्रेमला समांतर बांधा, डिरेलर सोडवून आत घ्या, पायडल काढा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात: उजवे घड्याळाच्या उलट दिशेने सुटते, डावे घड्याळाच्या दिशेने. जोर लावूनही सुटत नसेल, तर बहुधा तुम्ही ते आवळत आहात. गाडी लागताना लगेजच्या डब्याजवळ स्वतः उभे राहा, सायकल आत गेलेली पाहा आणि मगच आपल्या डब्याकडे वळा. पावती खिशात ठेवा, सायकलच्या पिशवीत नको. उतरल्यावर ती दाखवल्याशिवाय सायकल हाती येत नाही.